पहिल्या दिवसाचा विद्यार्थी

रत्नागिरीत भरलेल्या प्रत्येक प्रशिक्षण वर्गाचा पहिला दिवस माझ्या आतेभावाने पाहिला आहे. शेवटचा एकाचाही नाही. आम्ही त्याला दादा म्हणतो. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या कारखान्यात तो लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता चष्म्याचा नंबर वाढतो आहे. नव्या वर्गाची जाहिरात दिसली की इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून हा सगळ्यांच्या आधी हजर. आणि परीक्षेची तारीख लागली की कारणही हजर. वेल्डिंगने डोळे जातात. फ्रीज दुरुस्तीचा वर्ग दुपारी, आणि मासे-भात जेवलेल्या माणसाने दुपारी जागं राहणं हा निसर्गाशी द्रोह. संगणक शिकवायला तर त्याच्याच मुलीची मैत्रीण निघाली. 'काका, माउस उचलायचा नाही, सरकवायचा,' असं ती गोड आवाजात म्हणाली. दादा घरी येऊन म्हणाला, "पोरगी हुशार आहे. पण मी नाय जाणार."

गेल्या वर्षी कारखान्यात नवं स्वयंचलित मशीन आलं. जुन्या माणसांनी ते शिकून परीक्षा द्यायची, नाहीतर हंगाम संपला की घरी बसायचं. दादा मन लावून शिकला. जेवताना ताटातल्या वाट्या सरकवून वहिनीला मशीन समजावून सांगायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र त्याच्या पोटात दुखू लागलं. वहिनीने मला बोलावून घेतलं.

"पोटाला काय नाय रे झालेलं," दादा मला अंगणात नेऊन म्हणाला. "शिकायला आवडतं मला. पण पेपर समोर आला की दहावीचा निकाल आठवतो. बाबांनी माझे मार्क चारचौघांत वाचून दाखवले होते. मग येत असलेलंही लिहिता येत नाय बघ."

दारात उभ्या असलेल्या वहिनीने हे ऐकलं. "अहो, मग साहेबांना सांगा की तसं. तोंडी घ्या म्हणावं."

दादा कसला सांगतोय. सकाळी वहिनीच रिक्षा करून कारखान्यात गेली. साहेब समजूतदार निघाले. त्यांनी दादाला बोलावून मशीनपाशी उभं केलं आणि एकेक विचारत गेले. दादा इतका बोलला, की शेवटी त्यांनाच त्याला थांबवावं लागलं.

संध्याकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आला. कशाचे म्हणून विचारलं, तर "असेच" म्हणाला आणि पुडा न सोडताच मांडीवर घेऊन बसला.

"पास झालो रे. पण या वयात पास झाल्याचं जाऊन सांगायचं कोणाला, तेच कळेना. बाबा गेले, आई गेली."

"कोण आलंय रे?" माझ्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

दादा उठला, पुडा घेऊन आत गेला. बाहेर मला त्याचा आवाज ऐकू आला, "मामी, मी पास झालो."