मी लावलेला सामना

आता माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, पण हसायचं ते चहा संपल्यावर. न्हाईतर ठसका लागंल!

आमच्या शिरूर अनंतपाळला भीमजयंतीला गाण्याचा सामना असतो. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा. यंदा सामना ठरवायचं काम मंडळानं पहिल्यांदाच माझ्याकडं दिलं. मी छाती फुगवून सांगितलं, "असा सामना लावतो, लातूरचं पब्लिक इकडं येईल!"

माझ्या जिवाचे गायक दोन. एक मुदखेडचे शाहीर गौतमदादा. जुन्या फोटोत फेटा, झुबकेदार मिशा. आधी भीमगीतं, मग कव्वाली. दुसरा 'सावली' नावानं मोबाईलवर गिटार घेऊन गाणारा. टोपी, दाढी, अन् गातो कसा? शेजारी बसून बोलल्यासारखा! दोघं बी आपली गाणी आपणच लिहिणारे. म्हटलं, होऊन जाऊ द्या!

शाहिरांना फोन लावला. "जयभीम दादा! तुमच्यासमोर त्या सावलीला उभं करून राहिलो."

"अहो, पण तो तर..."

"नवा हाय, मान्य! पण गातो लई भारी. ऐकलं का कधी?"

पलीकडं जरा हसू आलं. "रोजच कानावर पडतो."

मग जाहिरातीतला नंबर बघून सावलीला लावला. आवाज वळखीचा वाटला. पण गाणारे सगळे घसा जपूनच बोलतात की!

"शाहिरांना भिऊ नका बरं का, लई मोठ्या मनाचा माणूस हाय."

"दादा, माझं जरा ऐकून घ्या..."

"मैदानात ऐकतो! येताना दोघं एकाच गाडीत या."

"ते तर यावंच लागंल," तो म्हणाला.

मी बॅनर लावला. दोन फोटो, मधी तलवारी!

त्या दिवशी मैदान खच्चून भरलं. जीपमधून उतरला एकच माणूस. पाठीवर गिटार, हातात पेटी.

"दुसरे कुठं हायेत?"

"दोन्ही बी मीच की दादा. सांगत होतो, तुम्ही बोलू देता व्हय?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पब्लिक 'सामना! सामना!' ओरडून राहिलं, मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडं बघून दात खाऊन राहिले. गावात तोंड दाखवायची सोय राहते का, सांगा!

शाहीर मात्र थंड. "माईक दोन लावलेत न्हवं? मग झालं तर."

पेटीवर बसले अन् कव्वालीच्या ढंगात सवाल टाकला, साहेब झालास पोरा, वस्ती विसरलास का? टाळ्या थांबायच्या आत उठले, पलीकडं गेले, गिटार घेतली. हळू आवाजात जवाब दिला, विसरलो न्हाई, पण आईच्या हाताचे घट्टे बघवत न्हाईत. अहो, बाया-बाप्ये रडले! पुन्हा पेटी, पुन्हा गिटार. असा सामना मी जन्मात पाहिला न्हाई. अध्यक्षसुद्धा डोळे पुसत होते.

जेवायला बसल्यावर मी हात जोडले. "दादा, चुकलं. तुमचं एकेक गाणं तोंडपाठ हाय, तरी कळलं न्हाई."

ते हसले. "गिटार घेतली तवा जुने लोक म्हणले, शाहीर बिघडला. नवे म्हणतात, कव्वाली कशाला? दोन्हींवर जीव टाकणारा एक तरी माणूस भेटावा, असं लई वर्षं वाटत होतं. भेटला बाबा एकदाचा. पण त्यालाच पत्ता न्हाई!"