गाडीच्या मानेवरचं वजन

ट्रॉली ओढायला कारला मागून हूक बसवायचा, हे मी जेवताना जाहीर केलं आणि आठवडाभर घरात कोणी माझ्याशी सरळ बोललं नाही. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा ताटावरून उठले ते थेट बाहेर ओट्यावर जाऊन बसले. नवरा म्हणाला, "गाडी म्हंजे काय बैल हाय का तुला?"

"बैल असता तर इचारलं नसतं, सरळ जुंपला असता," मी म्हणाले आणि त्याला भाजी वाढली.

माझं हे असंच आहे. पोटात आलं की ओठात येतं. पण या वेळी मी उगीच हट्टाला पेटले नव्हते. माझ्याकडं मिरची कांडायची मशीन आहे. मोटार, लोखंडी मुसळं आणि खाली उखळ. उन्हाळा लागला, ऊसतोडीला गेलेली घरं परत आली, की बाया वर्षाचं तिखट करून ठेवतात. पण आमच्याकडची बाई गिरणीवर दळण ठेवून घरी जाईल, मिरची ठेवून कधी जाणार नाही. पदरानं नाक बांधून, शिंका देत, ती मशीनपाशी ठाण मांडून बसते. डोळ्यांसमोर कांडून घेते आणि आपल्याच डब्यात भरून नेते. दुसऱ्याच्या मिरचीचा एक कणही तिला आपल्या तिखटात चालत नाही. म्हणून गावातलं तिखट उरकलं की दोनच रस्ते उरतात. एकतर मशीन झाकून ठेवायची, नाहीतर बायांच्या दारात न्यायची.

मी नेत होते. ताडकळसच्या आठवडी बाजारात एका किराणा दुकानदारानं ओटा आणि लाईट द्यायचं कबूल केलं होतं. मशीन नेण्यासाठी भाड्याचा टेम्पो. गेल्या उन्हाळ्यात ऐन बाजाराच्या दिवशी त्या टेम्पोवाल्यानं कुठल्याशा लग्नाचा मांडव भरला आणि फोन बंद करून टाकला. मी एसटीनं बाजारात पोचले तर ओट्यासमोर बाया वाळल्या मिरच्यांची गाठोडी घेऊन बसलेल्या. त्यांना काय सांगू? दुपारी त्यांनी गाठोडी उचलली आणि निघून गेल्या. जाताना एकजण म्हणाली, "बाई, तुझ्या भरवशावर न्हाई बसायचं आता." लय झोंबलं. आजही आठवलं की कान तापतात.

यंदा त्या बायांना मी निरोप धाडला होता, मशीन येणार म्हणजे येणार. आणि इकडं बोरी गावच्या पाहुण्यांनी नवऱ्याकडं मशीन विकत मागून ठेवली होती. माझी मशीन, पण मागितली नवऱ्याकडं! नवऱ्यानं मला स्पष्ट सांगितलं, "एका बाजाराला नेऊन बघू. जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर हूक बी काढायचा अन् मशीन बी बोरीला द्यायची. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. भ्यायचं कशाला?

आधी गेलो गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करण्यात त्याचा हातखंडा. माझी ट्रॉली त्यानंच केली, छोटी, दोन चाकांची, एकदम मजबूत. पण हुकाचं विचारलं तर म्हणाला, "त्यात काय? बंपरला पट्टी मारतो, खीळ टाकली की झालं." मी बंपरवर बोटानं टकटक केलं. "दादा, हे पलास्टिक हाय. पट्टी कशाला डकवणार, चिकटपट्टीनं?" तो हसला, पण "मग हे माझं काम न्हाई" म्हणत वेल्डिंगचा चष्मा त्यानं बाजूला ठेवला. नवऱ्याला वाटलं, संपलं एकदाचं.

कुठलं संपतंय! दुसऱ्या दिवशी परभणीला. तिथल्या गॅरेजवाल्यानं दोन नमुने समोर ठेवले. एक ट्रॅक्टरसारखा खिळीचा. दुसऱ्यात मुठीएवढा लोखंडी गोळा, त्याच्यावर ट्रॉलीच्या दांडीची वाटी उपडी बसते आणि कुलपासारखी अडकते. दोन्ही गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याला नटबोल्टनं आवळायचे. माणूस कामाचा होता, पण बोलत होता सगळं नवऱ्याशी. "साहेब, काय ओढायचंय? साहेब, वजन किती?" साहेब माझ्या तोंडाकडं बघायले. शेवटी मला राहवलं नाही.

"दादा, ओढायची हाय ती माझी मशीन. इकडं बघून बोला."

मग तो इकडं बघून बोलला. गाडीच्या माहितीपुस्तकातलं ओढायचं वजन मी आधीच काढून ठेवलं होतं. मशीन आणि ट्रॉली मिळून त्याच्या बरीच आत बसत होती. मी गोळ्याचा हूक निवडला. खिळीच्या हुकात थोडी फट राहते. ट्रॅक्टरला त्याचं काही वाटत नाही, पण कारला खड्ड्या-खड्ड्याला धक्के बसले असते, आणि आमच्या रस्त्यांना खड्ड्यांची काय कमी? नवऱ्यानं परिवहन कचेरीत जाऊन कागदाचं सगळं रीतसर करून घेतलं. तो न विचारता चप्पलसुद्धा बदलत नाही. बंपर उतरवला तेव्हा मात्र तो बाहेर चहाला निघून गेला. आपल्या गाडीचं उघडं अंग त्याला बघवेना. मी तिथंच उभी राहून एकेक बोल्ट आवळून घेतला, साखळी लावून घेतली, ट्रॉलीच्या दिव्याची वायर जोडून घेतली.

गाडी दारात आली आणि आठवडाभर तोंड फिरवून बसलेले मामा उठले. गोळ्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. बाजाराच्या दिवशी सकाळी म्हणाले, "भरायचं माझ्यावर सोड." मला भरून आलं. मामांनी उभा जन्म बैलगाडी हाकली. त्यांच्या हातची भरलेली गाडी बघायला माणसं थांबायची. त्यांनी मशीन सरकवली, दांडी उचलून बघितली, परत सरकवली. दांडी दोन बोटांवर उचलेपर्यंत त्यांचं समाधान झालं नाही. मग दोर आवळले आणि म्हणाले, "आता हिच्या मानेवर काय वजन न्हाई."

निघालो. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी, मामा मागं. गावाचा कच्चा रस्ता हळूहळू छान पार पडला. मी मनातल्या मनात टाळ्या पिटायले. डांबरी लागली, नवऱ्यानं वेग घेतला, आणि मागून कोणीतरी शेपटी धरून हिसके द्यावेत तशी गाडी डोलायला लागली. ट्रॉली इकडून तिकडं, तिकडून इकडं. समोरून मोटारसायकल येत होती. नवऱ्याचा पाय ब्रेककडं गेला.

"ब्रेक नका मारू! नुसता पाय उचला, स्टेअरिंग सरळ धरा!" मी ओरडले. तेवढं मी मोबाईलवर बघून ठेवलं होतं. गाडी हळू झाली, डोलणं थांबलं, आणि आम्ही एका लिंबाखाली कडेला लागलो.

नवरा उतरला. "झालं. माझ्याच्यानं न्हाई हे. परत फिरवू, संध्याकाळी बोरीला फोन लावतो."

मी उलट बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडणात बाजार उरकला असता. ट्रॉली गोळ्यावरून सोडवली आणि दांडी उचलून बघितली. उचलावी लागलीच नाही, बोट लावलं की वरच येत होती. आगं माय! बैलगाडीत मागचा भार वाढला की जू वर उचलतं, त्याला आमच्याकडं गाडी उलाळ झाली म्हणतात.

"मामा, उलाळ झालीय."

मामा भडकले. "जिंदगीत एक गाडी उलाळ केली न्हाई मी! दोन बोटांवर तोललीय."

"बैलाच्या हिशोबानं बरोबरच तोललीय. म्हणून तर चुकलं. बैलाला मान हाय, तिला वजन टोचतंय, म्हणून तुमी जपायले. या गाडीला मान न्हाई मामा. हिच्यावर थोडं टेकलं तरच मागची ट्रॉली सरळ चालंल. न्हाईतर असंच झोके खाणार."

त्यांनी ट्रॉलीभोवती एक फेरी मारली. मला त्यांचं कळत होतं. मुक्या जिवावर भार टाकायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं आणि आता सून म्हणत होती, टाका. मग त्यांनी स्वतःच दोर सोडले. मशीन पुढं सरकवायला तिघं लागलो. दांडी उचलायला आता दोन्ही हात लागत होते. वाटी बसवली तशी गाडीची मागची बाजू जराशी खाली दबली. मामांनी डिकीवर हात ठेवला.

"सोसंल का गं हिला?"

"सोसतंय मामा. पुस्तकात बघितलंय मी."

"अजून एकदा," मी नवऱ्याला म्हणाले. "डोलली तर मी स्वतः बोरीला फोन लावते."

तो बसला. डांबरीवर हळू निघाला, मग वेग थोडा वाढवला, मग अजून थोडा. आरशात बघत होता, मी त्याच्याकडं बघत होते. ट्रॉली मागून शहाण्यासारखी येत होती. मग त्याचे खांदे खाली आले आणि तो म्हणाला, "गाणी लाव की."

ताडकळसला ओट्यासमोर बाया बसल्या होत्या. भरवसा नाही म्हणून गेलेली सगळ्यांच्या पुढं. मशीन उतरवली, मोटार चालू झाली, तिखटाचा पहिला खाट उठला आणि आख्खी रांग शिंकायला लागली. मामा मात्र सोडवलेल्या गाडीमागं उकिडवे बसले होते. बैल सोडल्यावर त्याचा खांदा चोळतात, तसे तळहातानं त्या लोखंडी गोळ्याला चोळत होते.

दुपारी नवऱ्याचा फोन वाजला. बोरीचे पाहुणे. मशीनचं काय ठरलं म्हणून विचारायले. मी कान तिकडंच लावले होते, हात मात्र थांबवला नाही.

"मला काय इचारता?" नवरा म्हणाला. "जिची हाय तिला इचारा." आणि तो फोन घेऊन माझ्यापाशी आला. माझे हात कोपरापर्यंत लाल होते, म्हणून त्यानं तो माझ्या कानाला धरला.

"न्हाई द्यायची," मी म्हणाले. "कामात हाय ती." आणि पुढच्या बाईचं गाठोडं सोडायला घेतलं.