वाऱ्यावरची टिंबं

एका खोलीत चार डोकी आणि एक प्रोजेक्ट ठेवा, कामापेक्षा किस्सेच जास्त साचतात! देवपूरच्या आमच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो. वैशाली आणि सलीम माझे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. स्क्रीनवर असे जीव तयार करायचे की जे खातील, वाढतील, पिल्लं घालतील, हा त्यांचा प्रोजेक्ट. जीव म्हणजे रंगीत टिंबं! चौथे सोनगीरचे नाना, बॉटनीचे रिटायर्ड प्रोफेसर. बोलावलं कोणी नव्हतं, पण रोज हजर!

*

सुरुवातीला टिंबं जोडीदार शोधत फिरायची आणि भेट व्हायच्या आत म्हातारी होऊन मरायची. आठवडाभर एक पिल्लू नाही! सलीम रडकुंडीला आला.

वैशाली फैजपूरच्या शेतकऱ्याची लेक. ती एकदम म्हणाली, "सर, मका कधी स्थळं बघत फिरतो का? यांना पराग देऊ, वाऱ्यावर सोडू!"

दुपारपर्यंत कोड तयार. एका टिंबातून पिवळी धूळ उडाली, दुसऱ्यावर पडली आणि पिल्लू! सलीम असा ओरडला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम धावत आल्या.

"काय झालं?"

"मॅडम, मुलगी झाली!"

*

दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळा स्क्रीन निळा! टिंबांचा पराग त्यांच्या स्वतःवरच पडत होता, त्यामुळे सगळी एकाच निळ्या टिंबाची पिल्लावळ.

नानांनी चष्मा वर केला. "अरे, बठ्ठा एकच घरना शेतस! सोयरीक बाहेर करा!"

मग स्वतःचा पराग चालणार नाही, असा नियम घातला. सलीमनं त्या फंक्शनला नाव दिलं, 'भावकी चेक'!

*

एकदा वैशालीचे वडील, आबा, तिला न्यायला आले. त्यांची केळीची बाग.

"एवढा खटाटोप कशाले? आमच्या केळीले पराग लागत नही. बुडाशी पिल फुटते, तीच लावतो."

वैशालीनं लगेच तशी टिंबं सोडली. दहा मिनिटांत त्यांनी परागवाल्यांना मागे टाकलं! आबा खूश. तेवढ्यात सलीमनं एक रोग सोडला. सगळी एकसारखी, सगळी एकदम गेली.

आबा खुर्ची पुढे ओढून बसले. "आता याच्यावर फवारणी कोणती करता?"

*

आणि परीक्षेचा दिवस! परीक्षक बसलेले, समोर तोच रोग चालू. त्याला पुरून उरलेलं एकच लाल टिंब एका कोपऱ्यात, दुसऱ्या टोकाला शेवटचं आजारी निळं. लाल टिंबाचा पराग अर्ध्या वाटेत अडकला. वारा पडला! वारा पुन्हा कधी सुटणार हे प्रोग्रॅम ठरवायचा, आमच्या हातात काही नव्हतं. वैशालीनं माझी बाही घट्ट धरली होती.

नाना उठले, स्क्रीनपाशी वाकले आणि फुंकर मारली. फू!

पराग हलला. सरकत सरकत निळ्यावर जाऊन पडला. जांभळं पिल्लू!

परीक्षक टेबलाखाली वाकून शोधू लागले. "फुंकर टिपणारा माइक कुठे लावलाय?"

वैशाली म्हणाली, "सर, माइक नाहीये."