नेमसिंगचा हेला

नेरच्या शंकरपटात १९५९ साली नेमसिंग राठोडाच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं आणि पुढचं सबंध वर्ष त्याचं ते वाक्य निस्तरण्यात गेलं.

पट संपत आला होता. बैलजोड्या धावून दमल्या होत्या, बक्षिसं वाटून झाली होती. एवढ्यात नेरचे बडे जमीनदार बबनराव यांनी आपली जीप मैदानात घातली. त्या भागात जीप त्यांच्याकडेच होती, नवीकोरी, हिरव्या रंगाची. डोळ्यांना काळा चष्मा लावून त्यांनी बैलांच्या धावपट्टीवरून दोन चकरा मारल्या. धुरळा उडाला, लोकांनी टाळ्या पिटल्या. नेमसिंगला ते बघवलं नाही. त्याने यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये अकरा वर्षं फिटरकी केली होती. आता म्हाताऱ्या बापाची शेती बघायला तो तांड्यावर परतला होता, पण हातांना अजून ग्रीसचा वास होता.

"सपाट जागेवर तं कोनीबी पयवते," तो शेजारच्या माणसाला म्हणाला. "नाल्यातून काढून दाखवा म्हना! जीप म्हंजे लोखंडाची बकरी. पाय ओले झाले का बोंबलते."

म्हणायला शेजाऱ्याला म्हणाला, पण नेमसिंगचा आवाज जिनिंगच्या यंत्रांवर चढवायची सवय झालेला. अर्ध्या पटाने ऐकलं. बबनरावांनी करकचून ब्रेक मारला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"नेमसिंग, तुह्यापाशी काय हाय रे नाल्यातून काढाले?"

"आज नाई," नेमसिंग म्हणाला. इथे थांबला असता तरी निभलं असतं. "पुढच्या पटाले घेऊन येतो."

लोक फिदीफिदी हसले. पटाचे पंच भगवानराव मात्र हसले नाहीत. त्यांनी भोंगा तोंडाला लावला आणि जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षी बैलांनंतर मोटारींचा पट होईल. मैदानातून निघायचं, नाला उतरायचा, पलीकडचा गोट्यांचा बरड चढायचा, माथ्यावरच्या पळसाला वळसा घालून परत यायचं. तीन मैल. सडक कुठेच नाही.

भोंग्याचा आवाज तांड्यापर्यंत पोचला होता. घरी लालीबाई दारातच उभी होती.

"मोटर कुठी हाय?" बायकोने विचारलं.

"बनवतो."

"कायची?"

"लोखंडाची."

"भाकर थापता येत नाई तुमाले, अन् मोटर बनवता!"

पण नेमसिंगच्या डोक्यात एक जागा पक्की होती. त्याच्या जुन्या नोकरीच्या जिनिंगच्या मागच्या आवारात लढाईच्या काळातला एक लष्करी ट्रक पडून होता. पुढची-मागची चारही चाकं इंजिनाच्या जोराने फिरणारा. त्याच्या बॉनेटमधून कडुनिंबाचं रोप बाहेर आलं होतं आणि सीटखाली मुंगसाचं कुटुंब नांदत होतं. कापसाच्या गाड्या वळवायला त्याची अडचण व्हायची. नेमसिंगने विषय काढताच मॅनेजर म्हणाला, "आजच्या आज ने. मुंगसं बी तुहीच."

ट्रक सुटा करून तीन बैलगाड्यांतून तांड्यावर आला. इंजिन सर्वांत पुढच्या गाडीत होतं आणि ती गाडी नेमसिंगचा बाप सेवादास हाकत होता. सेवादासने तरुणपणी लदेणी केलेली. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तो मुलूखभर फिरला होता. वाटेत त्याने चार वेळा मागे वळून त्या इंजिनाकडे पाहिलं.

"हे खाते काय?" शेवटी त्याने विचारलं.

"पेट्रोल."

"अन् थकलं तं?"

"बसते."

"मंग बैलात अन् याच्यात फरक काय?"

"बैलाले शिव्या कळते, बा."

सेवादासला हे पटलं. पुढे वर्षभर तो अंगणात खाट टाकून बसला आणि त्याने लोखंडाला शिव्या घालून पाहिल्या. काही उपयोग झाला नाही.

अंगणातल्या चिंचेच्या फांदीला साखळीने इंजिन टांगलं गेलं. सकाळी शेतात, दुपारून इंजिनाखाली, असा नेमसिंगचा दिवस ठरून गेला. मोडलेले भाग नेरच्या लोहाराकडून ठोकून घेतले. जे ठोकून होईना ते लाकडाचं केलं. मागचा सांगाडा बाभळीचा झाला. टायरांत ट्यूब नव्हत्या, म्हणून चिंध्या आणि कडबा ठासून भरला. रेडिएटर तीन ठिकाणी गळत होता. जिनिंगच्या जुन्या ड्रायव्हरांची एक युक्ती नेमसिंगला ठाऊक होती. त्याने लालीबाईकडे ओंजळभर हळद मागितली.

"मोटरीचं लगन लावता का?"

"पान्यात टाकाची हाय. भोकं बुजते."

लालीबाईने हळद दिली, पण डब्याचं झाकण दाबून लावलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. मात्र त्याच संध्याकाळी ती स्वतःहून बाहेर आली. ड्रायव्हरच्या सीटच्या नुसत्या स्प्रिंगा तिला दिसल्या आणि ती आत गेली. आठ दिवसांनी तिने सीटवर गोधडी चढवली. लाल कापड, त्यावर आरसे, काठाला कवड्या. नेमसिंग त्यावर बसून पाहून म्हणाला, "टोचते."

"टोचू द्या. झोप लागनार नाई."

राहता राहिली पेट्रोलची टाकी. ती गंजून चाळणी झाली होती. नेमसिंगने ती काढून फेकली. ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर येईल असा एक लाकडी खांब ठोकला आणि त्यावर घासलेटचा रिकामा डबा बसवला. डब्यातून रबरी नळी थेट इंजिनापर्यंत. पेट्रोल आपल्याच वजनाने खाली येणार. त्याला ही युक्ती फार आवडली. आलेल्या-गेलेल्याला तो ती दोनदा समजावून सांगायचा.

दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या तांड्याने ट्रक ढकलला. तो आधी खोकला, मग शिंकला, मग असा डरकाळला की कोंबड्या छपरावर चढल्या आणि चार दिवस त्यांनी अंडी दिली नाहीत. सेवादास खाटेवरून उठून जवळ आला. काळा रंग, पुढे आलेली रुंद मान, नाकातून वाफ. त्याने खूश होऊन बॉनेटवर थाप मारली.

"हेला हाय हा! पुरा रेडा."

तेच नाव पडलं.

नेमसिंग यवतमाळला जाऊन मोटारीच्या नंबरासाठीही विचारून आला. तिथल्या कारकुनाने गाडीची कंपनी कोणती ते विचारलं. नेमसिंगने जरा विचार करून "घरचीच" असं सांगितलं. कारकुनाने पेन खाली ठेवलं. असली गाडी सडकेवर आणली तर जप्त होईल, असा दम खाऊन नेमसिंग परतला. पण पटाचं मैदान सडकेच्या पलीकडे होतं.

"त्यात काय?" सेवादास म्हणाला. "सडकेवर बैलगाडीले कोनी नंबर मांगते का?"

तेव्हा पटाच्या दिवशी सडक आली तसं नेमसिंगने हेल्याचं इंजिन बंद केलं. सेवादासने त्याला आपली बैलजोडी जुंपली आणि पागोटं सावरत, हवालदाराला रामराम घालत, पंधरा पावलांची ती सडक पार करवली. हवालदाराला काय लिहावं ते सुचलं नाही.

मैदानावर आल्यावर एक अडचण निघाली. मागची बाजू हलकी होती. भुसभुशीत जागी चाकं नुसतीच गरगर फिरत. नेमसिंगने सरकीची चार पोती मागे टाकली. तरी वजन कमीच पडलं. त्याने लालीबाईकडे पाहिलं.

"मी काय सरकीचं पोतं हाय?"

"नाई वो. तू पोत्याहून..." नेमसिंगने पुढचं गिळलं. वर्षभरात तो एवढं शिकला होता.

लालीबाई घागरा खोचून चढली. नवऱ्याच्या पाठीमागे खांबाला धरून उभी राहिली आणि पहिला हुकूम सोडला. "तोंडातली बिडी फेका. डोस्क्यावर पेट्रोल हाय."

भगवानरावांनी पंचा खाली केला आणि बबनरावांची जीप बाणासारखी सुटली. हेला निघाला तो म्हशी पाण्यातून निघतात तसा, सावकाश, मान हलवत. नाल्याच्या काठाला येईपर्यंत जीप दोन शेतं पुढे गेली होती. पण नाल्याच्या तळाला काळा चिखल होता. जीप त्यात पुढच्या चाकांनी घुसली आणि बसली. बबनराव खाली उतरले, बूट चिखलात राहिला, पाय तेवढा वर आला.

"डाव्या अंगानं घ्या!" लालीबाई ओरडली. "तिकडं आमी धुनं धुतो. खाली दगड हाय."

नेमसिंगने डावीकडे घेतलं. हेला धाडकन नाल्यात उतरला, पाणी दोन बाजूंना उडालं, आणि त्याच दणक्याला डोक्यावरचा तो खांब बुडातून कडकन मोडला. डबा लालीबाईच्या अंगावर आला. तिने तो कवेत धरला. पण डबा खाली आला तसं पेट्रोलही यायचं थांबलं. इंजिन आचके देऊ लागलं.

"वर धर! वर!" नेमसिंग किंचाळला.

लालीबाईने मागेपुढे पाहिलं नाही. ओढणीच्या पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर डबा चढवला आणि ताठ उभी राहिली. इंजिनाने एक लांब श्वास घेतला आणि ते पुन्हा डरकाळू लागलं.

पुढचे दोन मैल नेमसिंगने गाडी चालवली की लालीबाईने, यावर तांड्यात बरीच वर्षं वाद चालू राहिला. बरडावर गोटे होते. हेला एका बाजूला कलंडला की लालीबाई दुसऱ्या बाजूला झुकायची, पण मान जागची हलायची नाही. लहानपणापासून दोन दोन घागरी घेऊन तिने असले चढ पायी काढले होते. फरक एवढाच, की तेव्हा जमीन तरी जागेवर असायची. ती जरा वाकली की इंजिन खोकायचं आणि खोकलं की नेमसिंग ओरडायचा.

"मान!"

"तुमी गोटे पाहा! मान माही हाय!"

पळसाला वळसा घालून ते खाली उतरले आणि धुण्याच्या दगडांवरून परत नाला ओलांडू लागले तेव्हा बबनरावांच्या सालदार गड्यांनी जीप ढकलून काढली होती. जीप वर न जाता मधूनच परत वळली, असं काही लोक नंतर म्हणाले. बबनराव नाही म्हणाले. काही असो, शेवटच्या सपाटीवर ती मागून येऊन अगदी जवळ भिडली. मैदानातल्या लोकांना आधी धुरळा दिसला. मग धुरळ्यावर तरंगत येणारा एक डबा दिसला. मग डब्याखाली लालीबाई, आणि सर्वांत शेवटी नेमसिंग. बैलसुद्धा दावणीवर उभे राहिले. हेल्याने हातभर अंतराने रेघ ओलांडली.

बबनराव एकच बूट घातलेले पुढे आले. "हे चालनार नाई, भगवानराव! टाकी मोटरीवर पायजे, बायकोच्या डोस्क्यावर नाई!"

"कोन्या नियमात लिवलं हाय?" भगवानरावांनी विचारलं.

"नियम कुठी हायेत?"

"तेच म्हनतो. लिवलेच नाई."

यावर बबनरावांनाच हसू आलं. ते हसले तसं सगळं मैदान हसलं, आणि मग त्यांनी स्वतः जाऊन हेल्याच्या बॉनेटवर हात फिरवला.

बक्षिसाचा जरीकाठी फेटा आला. भगवानरावांनी तो नेमसिंगच्या डोक्याला बांधला. टाळ्या झाल्या. लालीबाई अजून तशीच उभी होती, कारण इंजिन बंद केलं तर ते परत सुरू करायला वीस माणसं लागली असती आणि नेमसिंगला ते चारचौघांत दिसू द्यायचं नव्हतं.

"अवो," ती दात आवळून म्हणाली, "फेटा बांधून झाला असन तं इकडं पाहा. चुंबळ घसरून राह्यली. डोस्कं फुटून राह्यलं माहं."

नेमसिंग मागे चढला. डबा त्याने दोन्ही हातांनी उचलून धरला. मग डोक्यावरचा फेटा काढला, त्याची जाडजूड चुंबळ वळली आणि तिच्या डोक्यावर ठेवून डबा हळूच वर टेकवला. भगवानराव "अरे, अरे" करत राहिले.

"आता बरं?" त्याने विचारलं.

"हाव. रेशमी हाय."

नंतर जीपचं काम निघालं की बबनराव माणूस पाठवायचे, नेमसिंग जायचा. हेला सात-आठ वर्षं चालला. पावसाळ्यात बैलगाड्या रुतल्या की त्यांना ओढायचा, वेचणीच्या दिवसांत शेतातून कापूस आणायचा. नंबर काही मिळाला नाही. त्या ट्रकाने या दुसऱ्या जन्मात सडक पाहिली ती बैलांच्या मागेच. टाकी मात्र नेमसिंगने पुढच्याच महिन्यात पत्र्याची, पक्की बसवली. लालीबाईने तोवर त्याला झोपू दिलं नाही.

टाकी बसली त्या दिवशी इंजिन सुरू होताच ती बाहेर आली, तिने नवऱ्याला सीटवरून उठवलं आणि स्वतः त्या आरशांच्या गोधडीवर बसली.

"शिकवा," ती म्हणाली.

"बाई मानूस कुठी ट्रक चालवते का?"

"बाई मानसाच्या डोस्क्यावर ट्रक चालते तं बाई मानूस ट्रक नाई चालवू शकत?"

नेमसिंगने क्लच कुठला, ब्रेक कुठला ते सांगितलं. ब्रेकचं नीट सांगून व्हायच्या आधीच हेला निघाला. तो तुरीच्या शेतात शिरला, तुरीतून बाहेर पडला आणि खुशाल उताराला लागला. खाटेवरून सेवादास बैलांना घालायच्या शिव्या देत होता. नेमसिंग मागे सरकीच्या पोत्यावर बसून दोन्ही हातांनी फळी धरून होता.

"लाली, नाला आला!"

"दिसून राह्यला मले," लालीबाई म्हणाली आणि तिने डावीकडे घेतलं.