जहाजावर टाकलेला रुमाल

यावलच्या बसस्थानकातून आमची सहल सुरू झाली आणि पहिल्याच टप्प्यात मी दिलेला शब्द मोडला.

सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, भुसावळच्या गाडीत खिडकी पटकावली, शेजारच्या जागेवर आपला पिवळा रुमाल टाकला आणि माझी वाट बघत बसली. मी मात्र दाराजवळचा दांडा धरून उभा. एस.टी.त कंडक्टर म्हणून जन्म गेला. निवृत्त झालो तरी गाडी हलली की पाय आपोआप दाराकडे वळतात. "पुढे सरका, मधे जागा आहे," असं मी एकदा ओरडलोसुद्धा. खरा कंडक्टर माझ्याकडे बघून हसला. सुमन हसली नाही. तापीच्या पुलावर तिने एकटीनेच खिडकीतून हात जोडले आणि रुमाल उचलून कमरेला खोचला.

आता त्या शब्दाबद्दल सांगतो. आमच्या लेकीने हौसेने आम्हाला मोठ्या जहाजाची सहल घडवायची ठरवली. मुंबईहून निघायचं, कोचीला एक दिवस उतरायचं आणि समुद्रातूनच परत यायचं. मी ऐकताक्षणी तयार. सुमन मात्र अडून बसली. तिचं माहेर नरडाणा. आमची यावल-धुळे गाडी नरडाण्यावरूनच जायची, त्यामुळे लग्नानंतर ती माहेरी गेली ती बहुतेक माझ्याच गाडीने. ती बाकावर, मी दारात. शेजारची जागा रिकामी झाली की मी हाक मारून दुसऱ्या कुणाला तरी तिथे बसवायचो. धंदाच तो. पण तिच्या मनात ते इतकी वर्षं राहिलं असेल, हे मला काय माहीत?

"मी येसू," ती म्हणाली, "पन एक बोली शे. सारा परवास मना जोडे बठानं. उठानं नही." (मी येईन, पण एक अट आहे. सगळा प्रवास माझ्या शेजारी बसायचं. उठायचं नाही.)

मी हो म्हणालो. त्यात काय मोठंसं, असं वाटलं होतं.

मुंबई बंदरात सामानाची तपासणी झाली आणि आम्ही एका मोठ्या शेडमधून बाहेर आलो. समोर पांढरी शुभ्र, उंचच उंच इमारत. ओळीने खिडक्या, खिडक्यांना सज्जे. आम्ही तिच्या सावलीत उभे राहून समुद्राकडे डोळे लावले.

"जहाज लागनं का?" सुमनने विचारलं. आमच्याकडे गाडी फलाटावर आली की 'गाडी लागली' म्हणतात.

"लागेल आता," मी म्हणालो. "जहाज म्हटल्यावर थोडंफार लेट असणारच."

मागे एक दाढीवाले गृहस्थ खो खो हसायला लागले. "भाऊ, ज्याच्या सावलीत उभे आहात ना, तेच जहाज आहे!"

हे रफिकभाई. धुळ्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान, आणि बेगमसोबत तेही पहिल्यांदाच निघाले होते. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. त्या भिंतीचा शेवट दिसेना. सुमनच्या डोक्यावरचा पदर मागे पडला तरी तिला भान नव्हतं. एवढं लोखंड पाण्यावर उभं राहतं कसं? रफिकभाई, ज्यांचं आयुष्य लोखंड जोडण्यात गेलं, तेही हळूच पुढे झाले आणि कुणी बघत नाही असं पाहून त्या भिंतीला हात लावून आले.

नवखा कोण हे जहाजावर लगेच ओळखू येतं. आम्ही तर गळ्यात पाटी बांधल्यासारखेच होतो. मोठी बॅग त्यांनी खालीच ठेवून घेतली, ती खोलीवर यायला संध्याकाळ झाली, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या तिच्यात. जाणकार मंडळी गोळ्या पिशवीत घालून, हात हलवत आत गेली होती. आमच्या पिशवीत काय होतं? शेव, ठेचा आणि कळण्याच्या भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या). ठेच्याची बरणी तपासणीवाल्याने उघडली, वास घेतला, ठसकला आणि बाजूला ठेवून घेतली. भाकऱ्याही गेल्या. शेव मात्र आत आली.

खोली नीटनेटकी होती. पलंगावर पंच्याची घडी घालून केलेला हत्ती ठेवलेला. सुमनला तो इतका आवडला की शेवटपर्यंत तिने तो मोडू दिला नाही. आम्ही घरून आणलेल्या पंच्यानेच अंग पुसलं आणि न्हाणीघरात दोरी बांधून तो वाळत घातला. खोली आवरणारा मणिपूरचा तरुण रोज त्या दोरीखालून वाकून जायचा. सुमनने त्याला काळजीने विचारलं, "बेटा, शाम को घर कैसे जाते हो?" तो म्हणाला, "माताजी, यहीं रहता हूँ." तेव्हापासून त्याला रोज मूठभर शेव मिळू लागली.

जेवणाच्या दालनात आम्ही एक टेबल धरून बसलो आणि वाढप्याची वाट बघू लागलो. बराच वेळ झाला. आजूबाजूचे लोक ताटं भरभरून आणत होते. "वाढनारा कोठे शे?" सुमन विचारत राहिली. आपल्या हाताने घेऊन खायचं, तेही चारचौघांत, हे तिला पटेना. शेवटी रफिकभाईंच्या बेगमने तिला उठवून नेलं. परत आली तेव्हा तिच्या ताटात जिलबी, मासा, डोसा आणि टरबूज एकत्र नांदत होते. ती मासा खात नाही. तो कशाचा तरी वडा आहे असं तिला वाटलं होतं.

मग जोराचा भोंगा वाजला. जहाज बुडायला लागलं तर कुठे जमायचं याची तालीम होती. सगळ्यांनी ठरलेल्या जागी येऊन बसायचं. पुष्कळ लोक आलेच नाहीत, काही हातात चहा घेऊन आले. मी मात्र आधी पोचलो आणि दारात उभा राहून लोकांना आत घेऊ लागलो. "चला, मागे जागा आहे, बाकावर पिशव्या ठेवू नका." गणवेशातली एक मुलगी जवळ आली आणि गोडपणे म्हणाली, "सर, आपण पण बसा ना."

सुमनशेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर पिवळा रुमाल होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर गेलो. ते दृश्य कसं सांगू? पाण्याला काठच नव्हता. यावलला मान वर केली की सातपुडा दिसतो, उत्तर कोणती हे कुणाला विचारावं लागत नाही. इथे चारी दिशा सारख्या. नजर जाईल तिथवर निळं आणि त्यावर वाकलेलं आभाळ. मधेच छोटे मासे पाण्यातून निघून पाखरांसारखे उडाले आणि पुन्हा आत गेले. माझे हात आपोआप जोडले गेले. देवळाबाहेर असं आधी कधी झालं नव्हतं.

"बठ्ठं पानीच शे वं माय," सुमन म्हणाली. (सगळं पाणीच आहे गं बाई.) थोड्या वेळाने तिने विचारलं, "आपली तापीबी आठेच येस ना?"

"येते की. सुरतेजवळ समुद्राला मिळते."

"मंग आठे तिले कोनी वळखस का?" (मग इथे तिला कुणी ओळखतं का?)

आम्ही दोन आरामखुर्च्यांवर बसलो. खरंच शेजारी-शेजारी बसलो. वारा छान होता. आणि इतक्यात एका वयस्क गृहस्थांना लिफ्ट सापडत नाही असं मला दिसलं.

"आलोच," म्हणून मी उठलो. त्या गृहस्थांना लिफ्ट मिळाली, मी मात्र हरवलो. सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी, पुढचं टोक कोणतं नि मागचं कोणतं कळेना. परत आलो तेव्हा आमच्या खुर्च्यांवर दुसरंच जोडपं पहुडलं होतं. सुमन कठड्याशी उभी होती. मला शोधायला ती दोन्ही खुर्च्यांवर काहीतरी टाकून गेली होती. माझ्या जागेवर रुमाल, तिच्या जागेवर पिशवी. तिथल्या माणसाने दोन्ही उचलून नीट बाजूला ठेवलं होतं. रुमाल टाकून जागा धरता येत नाही, असा नियम होता म्हणे.

"रुमाल टाकल्यावर कोणी उठवत नाही, माणुसकी असते," मी त्याला समजावू लागलो.

"रुमालले काय बोल लावतस?" सुमन म्हणाली. "मानूसच जागावर नही." एवढं बोलून ती खाली खोलीत निघून गेली. दिवसभर ती माझ्याशी मोजकंच बोलली.

कोचीला जहाज धक्क्याला लागलं. 'लागलं' हा शब्द या वेळी मला बरोबर वापरता आला. पाण्यावर झुकलेली मोठमोठी जाळी पाहिली, ती माणसं दोर ओढून वर घेत होती. बाजारात लाल सालीची केळी बघून सुमनचा राग विरघळला. यावलची बाई ती, तिला केळी दाखवायची म्हणजे सोनाराला सोनं. तिने एक सोलून खाल्लं, बी नाही ना पाहिलं, सालीचा वास घेतला. मग ती आणि रफिकभाईंची बेगम केळ्याचे वेफर्स तळताना बघत उभ्या राहिल्या. रफिकभाई त्यांच्यासोबत होते. मी म्हणालो, "तुम्ही या सावकाश, मी पुढे होतो." ठरलेल्या वेळेला जहाज सुटतं, कुणासाठी थांबत नाही, हे आम्हाला बजावलेलं होतं. अशा वेळी मला बाजारात चैन पडणं शक्य नव्हतं.

शिडीपाशी येऊन उभा राहिलो. एक पाय शिडीवर, एक पाय जमिनीवर. कंडक्टर असा उभा असला की ड्रायव्हर गाडी हलवत नाही. लोक येत होते, कार्ड दाखवून आत जात होते. मी चेहरे बघत होतो. गर्दी ओसरली. सुमन नाही.

परक्या गावात तिला भाषा येत नाही, फोन लावावा तर तिचा फोन खोलीत चार्जिंगला. "एक बाई राहिली आहे, जहाज सोडू नका," असं पहारेकऱ्याला सांगून मी सुटलो तो थेट बंदराच्या फाटकाकडे. त्याने मागून काहीतरी हाक मारली. मी ऐकतोय कशाला? फाटकाबाहेर रस्ता रिकामा होता. मी तिच्या नावाने दोन हाका मारल्या. आणि मागून भोंगा वाजला.

वळून बघितलं. सर्वांत वरच्या मजल्यावर कठड्याशी एक हिरवं लुगडं होतं आणि त्याच्या वर काहीतरी पिवळं जिवाच्या आकांताने हलत होतं. आवाज पोचत नव्हता, पण शेजारी हातवारे करणारी दाढी ओळखू आली. सुमन आत होती. ती मागच्या दुसऱ्या शिडीने केव्हाच चढली होती. राहिलो होतो तो मी.

या वयात मी जसा धावलो तसा मागे लागलेल्या म्हशीपुढेही धावलो नसेन. शिडी अजून लावलेली होती. तो पहारेकरी एक पाय शिडीवर आणि एक पाय जमिनीवर ठेवून माझी वाट बघत उभा होता.

"आइए अंकल," तो म्हणाला, "सब आ गए. बस आप ही बाकी थे."

धापा टाकत वर पोचलो. सुमनचा चेहरा रडून लाल झाला होता. रफिकभाई म्हणाले, "नाना, भाभीने सारा जहाज सर पे उठाया. ज्याचा गणवेश दिसेल त्याला सांगायची, थांबाडा, मना मानूस खाले शे!"

"मी तुम्हनाकरता जागा धरी ठेयेल व्हती," ती म्हणाली. "लवकर ईसनी. दिन बुडताना दखू म्हनीसन." (मी तुमच्यासाठी जागा धरून ठेवली होती. लवकर येऊन. सूर्य मावळताना बघू म्हणून.)

इतकी वर्षं मी दारात उभा राहून येणाऱ्याची काळजी केली. बाकावर बसून वाट बघणाऱ्याला काय होतं, ते त्या धावेत मला कळलं.

मी खुर्चीवर बसलो. तिने आपला हात माझ्या खुर्चीच्या दांडीवर ठेवला. जहाज हलकेच धक्क्यापासून सुटलं, कोचीचा किनारा मागे गेला आणि सूर्य पाण्यात उतरू लागला. केवढा तो! केशरी, मग लाल, आणि मग समुद्रावर त्याची एक लांब वाट आमच्या पायांपर्यंत आलेली. एक बाई लिफ्ट शोधत होती. मला दिसली. मी उठलो नाही. रफिकभाई गेले.

परतीचा सगळा समुद्र मी बसून पाहिला.

मुंबईला उतरलो, ठेच्याची बरणी परत मिळाली, रात्रीच्या रेल्वेने सकाळी भुसावळला पोचलो. यावलची गाडी लागली होती. सुमनने बाहेरूनच खिडकीतून रुमाल आत टाकला आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. कंडक्टर माझ्या डेपोतलाच होता. "काय नाना, आज बसून?"

"आज बसून," मी म्हणालो.

तापीचा पूल आला. ज्या पुलावरून मी जन्मभर गेलो, त्याखालच्या पाण्याकडे माझी नेहमी पाठच असायची. आज सुमनच्या खांद्यावरून खिडकीबाहेर नीट पाहिलं. आम्ही दोघांनी हात जोडले. समुद्र पाहून आल्यावर तापी लहान वाटेल, अशी मला धास्ती होती. तसं झालं नाही. हीच तिकडे जाऊन समुद्र होते, हे आता डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या थांब्यावर एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन चढली. गाडीत जागा नव्हती. माझे गुडघे सवयीने ताठ झाले. सुमनने माझा शर्ट पकडला.

"उठू नका," ती म्हणाली. "सरका."

मी तिच्याकडे सरकलो. ती खिडकीला चिकटली. म्हातारी टेकली, गाठोडं माझ्या मांडीवर आलं. दोघांच्या बाकावर तिघं बसलो आणि यावल येईपर्यंत मला हलायला जागा उरली नाही.