सावलीतला कोतवाल

सातवीत शाळा सोडून मी कोकणातून वणीला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आलो आणि इथं मला पक्ष्यांचा नाद लागला. पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायला यवतमाळला गेलो, तर दुकानात एक लांब, एक आखूड अशा दोन टेलिफोटो लेन्सांपुढे अडलो. चुकलो तर पुन्हा घेणं होणार नव्हतं.

शेजारी उभे असलेले गिऱ्हाईक कापूस खरेदीतले, कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. त्या हंगामात खरेदी केंद्र उघडलंच नव्हतं, तरी त्यांची बोटं सवयीनं हवेत कापसाचा धागा ओढून पाहत होती.

"वरचा कापूस सारेच चांगला दाखवतेत, भाऊ. आम्ही ढिगात हात घालतो. चाल बाहेर."

दुकानदाराला विचारून त्यांनी दोन्ही लेन्स कडुलिंबाखाली नेल्या. गर्द सावलीत काळाकुट्ट कोतवाल पक्षी बसला होता. लांब लेन्सनं नुसता काळा गोळा टिपला. आखूड लेन्स जास्त उजेड आत घेत होती; तिनं त्याचा डोळासुद्धा दाखवला.

"उजेडात सारेच हुशार," ते म्हणाले.

मी आखूड लेन्स घेतली, आभार मानले.

"मले कायले? कोतवालाले म्हण. बसून राह्यला बिचारा."

पिशवी उचलून ते स्टँडकडे निघाले. माझ्या हातात नवा कॅमेरा होता आणि ते भर उन्हातून चालले होते. त्यांचा फोटो काढायचं काही मला सुचलं नाही.