ड्रोन, घार आणि माझं प्री-वेडिंग

मैत्रिणींनो, आज माहूरजवळच्या अभयारण्यात माझं प्री-वेडिंग शूट होतं. गेटवर पाटी होती, ड्रोन उडवायला मनाई. मी ती होणाऱ्या नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "कोण बघून राहिलंय इथं?"

त्यानं उडवलेला ड्रोन झाडावरच्या घरट्याजवळ गेला तशी घार ड्रोनवर झेपावली. पात्यांनी तिचा पंख कापला. ती रक्तबंबाळ होऊन माझ्या पायाशी पडली, ड्रोनही मोडला.

यानं दगड उचलला आणि ती थंड होईपर्यंत तिला ठेचत राहिला.

मी पळत जाऊन गेटवरच्या वनरक्षकाला घेऊन आले.

आता दोन्ही घरचे म्हणून राहिलेत, "लग्न तोंडावर आलंय, त्याची माफी माग. एका घारीसाठी लई झालं."

तुम्हीच सांगा, उद्या माझ्या हातून त्याची एखादी वस्तू मोडली तर?